मतभेदांमुळे काही कुटुंबे

आमच्या देवळाचा इतिहास मी लिहावा असं कमिटीने ठरवलं, कारण मी अठ्ठावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. भूगोल शिकवला असता तर सुटले असते. कमिटी म्हणजे तरी कोण, तर सेक्रेटरी, त्यांची बायको आणि मी. ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला.

आम्ही जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. मनमाडच्या अलीकडे, रेल्वेलाइनीला खेटून असलेलं आमचं हे देऊळ काळ्या दगडाचं आहे, वर कौलं. साहेबांनी ते बांधलं रेल्वेतल्या गोऱ्या लोकांसाठी, म्हणजे ड्रायव्हर, गार्ड आणि त्यांच्या मडमांसाठी. आमची मराठी मंडळी तेव्हा मिशनच्या शाळेच्या व्हरांड्यात उपासना करायची. साहेब गेले, देऊळ रिकामं पडलं, आणि पाद्रीसाहेबांनी किल्ली माझ्या आजोबांच्या हातात दिली. पहिल्या रविवारी आमचे लोक बाकांवर बसलेच नाहीत म्हणे. जमिनीवर बसले. कुणी येऊन उठवेल अशी धास्ती होती. आजोबा हे हसत सांगायचे. मला मात्र ऐकताना कधी हसू आलं नाही.

आता हा इतिहास हवा होता वरच्या ऑफिसला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं पत्र आलं होतं: ज्या मंडळ्यांत माणसं उरली नाहीत त्या नाशिकच्या मोठ्या चर्चला जोडायच्या आणि इमारतींना कुलूप लावायचं. आम्हाला एक रविवार नेमून दिला होता. त्या दिवशी मोठे पाळकसाहेब येतील, मंडळीचा संक्षिप्त इतिहास वाचला जाईल आणि मग प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, घेणारी माणसं मोजली जातील. वीस भरली तर देऊळ चालू राहील.

आम्ही होतो सात. सेक्रेटरी आणि त्यांची बायको, दोन निवृत्त नर्सबहिणी, उपदेश सुरू होताच डुलकी काढणारे एक जुने गार्डसाहेब, मी आणि माझी एक्याण्णव वर्षांची आई. बाकीची मंडळी गेली कुठे? पुण्याला गेली, आखातात नर्सिंगला गेली, एक घर कॅनडात गेलं. नाताळाला व्हिडिओ कॉलवरून आमेन म्हणतात. पाळक नाशिकहून महिन्यातून एकदा येतात, तेही एसटी वेळेवर मिळाली तर. उरलेल्या रविवारी सेक्रेटरी प्रार्थना चालवतात आणि आम्ही चार बाकांवर विखरून बसतो, म्हणजे देऊळ जरा भरल्यासारखं वाटतं.

"लाइनीपलीकडचे आले तर?" सेक्रेटरी एकदा उपासनेनंतर खिडक्या लावता लावता म्हणाले. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

लाइनीपलीकडे पत्र्याची एक शेड होती. आमच्यातूनच फुटून गेलेली चार-पाच घरं तिथे प्रार्थना करायची. शेड रेल्वेच्या जागेत होती, आणि नवी लाइन येणार म्हणून तिला नोटीस लागली होती. म्हणजे त्यांना छप्पर नव्हतं आणि आम्हाला माणसं नव्हती. सेक्रेटरींचं गणित सरळ होतं. ते गणित कुणी बिघडवलं होतं हे त्यांनाही ठाऊक होतं, पण माझ्या तोंडावर बोलायला ते सज्जन माणूस धजावले नाहीत. ते मी इथे सांगते.

मी तेव्हा नववीत होते, नुकतंच दृढीकरण झालेलं, म्हणजे प्रभुभोजन घ्यायची मुभा मिळालेली. त्या काळी देऊळ भरायचं. प्रभुभोजनाच्या वेळी लोक वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी ओळीने गुडघे टेकायचे आणि पाद्रीसाहेब द्राक्षारसाचा चांदीचा एकच पेला एकामागून एक सगळ्यांच्या ओठांना लावत जायचे. लाइनीपलीकडची घरं शेवटी यायची. तसा नियम काही नव्हता. ते मागच्या बाकांवर बसायचे म्हणून मागून यायचे, आणि मागून यायचे म्हणून मागे बसायचे. त्यांचे पूर्वज एका जातीतून ख्रिस्ती झालेले, आमचे दुसऱ्या. गावाच्या लेखी दोघेही वेशीबाहेरचे. पण वेशीबाहेरसुद्धा आम्ही आमची एक वेगळी वेस आखून घेतली होती, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने ती काही पुसली नव्हती.

माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर, त्या घरांतली एक मुलगी बसायची. माझी मैत्रीण. तिचे वडील स्टेशनवर झाडूकाम करायचे. त्या ईस्टरला त्यांची ड्यूटी नऊची होती. गाडी यायच्या आत फलाट झाडायचा, म्हणून ते घाईत सगळ्यांच्या आधी उठले आणि कठड्याच्या पहिल्या टोकाला जाऊन गुडघे टेकून बसले. त्यांच्या मनात काही नसावं. त्यांच्या शेजारी माझे वडील, तेव्हाचे सेक्रेटरी, आणि वडिलांच्या शेजारी मी.

पेला आधी त्यांना मिळाला, मग वडिलांकडे आला. वडिलांनी ओठ मिटून घेतले. पाद्रीसाहेबांनी पेला कलता केला, द्राक्षारस वडिलांच्या मिशीला लागला आणि तो त्यांनी रुमालाने पुसून टाकला. पाद्रीसाहेबांना कळलं की नाही, देव जाणे. मी हातभर अंतरावर होते, मी पाहिलं.

पुढच्या महिन्यात मुंबईहून एक खोकं आलं. त्यात भोकं पाडलेला लाकडी ट्रे होता आणि भोकांत बसणारे काचेचे इवलेसे पेले, खोकल्याच्या औषधाच्या मापाएवढे. ज्याचा त्याचा पेला वेगळा. वडिलांनी उपासनेत उभं राहून सांगितलं, "आरोग्याच्या दृष्टीने ही पद्धत उत्तम आहे." मागच्या बाकावरून मैत्रिणीचे वडील उठले. त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता.

"साहेब," ते म्हणाले, "येवढी वर्सं सगळ्यांचं आरोग्य बरं व्हतं. मी पहिला पिलो अन् लगेच बिघडलं काय?"

कुणीच उत्तर दिलं नाही. पाद्रीसाहेबांनीही नाही, माझ्या वडिलांनीही नाही. मागचे तीन बाक उठले आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी शाळेत माझी मैत्रीण माझ्या बाकावरून उठून खिडकीजवळच्या बाकावर बसायला गेली, आणि मी तिला का म्हणून विचारलं नाही. त्यानंतर एवढ्याशा गावात आम्ही बाजारात, दवाखान्यात, बँकेच्या रांगेत शेकडो वेळा समोरासमोर आलो असू. मान हलवायची आणि पुढे व्हायचं, एवढंच आमचं बोलणं.

तर हे सगळं ठाऊक असलेल्या माझ्यासारख्या इतिहासाच्या बाईने देवळाच्या इतिहासात काय लिहिलं? मी लिहिलं, "पुढे मतभेदांमुळे काही कुटुंबे वेगळी झाली." सेक्रेटरींना वाक्य फार आवडलं. "कुणाला लागणार नाही असं लिहिलंय," ते म्हणाले.

हे वाक्य पिशवीत घालून मी एका शनिवारी लाइन ओलांडायला निघाले. फाटक पडलेलं होतं. लासलगावकडे निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर रांगेने उभे, आणि त्यांच्यामध्ये मी. परत जावं असं दोनदा मनात आलं. फाटक आणखी पाच मिनिटं उघडलं नसतं तर गेलेही असते.

मैत्रीण शेडच्या दारातच मशीनवर ब्लाऊज शिवत बसली होती. अंगणवाडीतून रिटायर झाल्यापासून शिवणकाम करते. शेडला पाळक नाही, त्यामुळे रविवारी बायबलही तीच वाचते आणि प्रार्थनाही तीच चालवते. मला पाहून तिने पाय थांबवला.

"बस," ती म्हणाली. "इतक्या वर्सांनी वाट सापडली व्हय?"

मी आडवळण न घेता सांगून टाकलं. पत्र, मोजणी, वीस माणसं, त्यांची नोटीस, सगळं. तिने दोऱ्याची रीळ काढून दुसरी लावली. मग म्हणाली, "इतिहास लिवला म्हनं तू. वाच बरं."

मी वाचला. साहेबांचं बांधकाम वाचलं, आजोबांची किल्ली वाचली. त्या वाक्याशी आल्यावर तिने हात वर केला आणि ते पुन्हा वाचायला लावलं.

"मतभेद," ती म्हणाली. "कशावर व्हता गं मतभेद?"

मी मूग गिळून बसले. अठ्ठावीस वर्षं मी पोरांना असल्या गप्प बसण्याबद्दल उभं केलं होतं.

"आमी येतो," ती म्हणाली. "मोठी मानसं चौदा हाय आमी. पन त्या दिवशी तू उभी राहून खरं वाच. काय झालं, कुनी केलं, सगळ्यांसमोर. माफी बिफी नको. मागनारा बी मेला अन् देनारा बी मेला. नुसतं खरं वाच. आमच्या पोरांना वाटतं, आमच्या बापानीच भांडान केलं अन् देऊळ सोडलं."

"वाचते," मी म्हणाले. त्या वेळी मला अगदी मनापासून वाटत होतं की वाचेन.

दोन दिवस दुपारी, आई झोपली की, मी जेवणाच्या टेबलाशी बसून ते पान लिहिलं. फार मोठं नव्हतं. "ईस्टरच्या उपासनेत स्टेशनवर झाडूकाम करणारे आपले एक बंधू प्रथम कठड्याशी आले. त्यांच्या ओठांचा पेला आपल्याला चालत नाही म्हणून सेक्रेटरींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, प्रत्येकाला वेगळा पेला आणला. कारण आरोग्याचे सांगितले. ते खोटे होते. आपण सर्वांनी ते ओळखले आणि सर्वजण गप्प राहिलो." लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की जणू काम संपलंच. माझी चूक तिथेच झाली असावी.

सेक्रेटरींनी पान वाचलं आणि चष्मा काढून पुसला. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "पण वाचायचं तर वाचा. वीस भरायलाच हवेत." मग कागद परत देताना म्हणाले, "आईंना सांगितलंत का?"

आईला सांगितलं नव्हतं. आई दर रविवारी पहिल्या बाकावर बसते, वडील बसायचे त्या जागेच्या शेजारी. ती जागा ती अजून रिकामी ठेवते, तिथे पर्ससुद्धा ठेवत नाही. तिच्यासमोर, सगळ्या मंडळीच्या देखत, मी तिच्या नवऱ्याला खोटारडा म्हणणार होते. म्हटलं, ऐन वेळी बघू.

रविवार उजाडला. ते लोक आमच्या आधी येऊन बाहेर चिंचेखाली थांबले होते. इस्त्रीचे कपडे, डोक्यावरून पदर, दोन म्हाताऱ्यांच्या टोप्या, तीन तरुण पोरं. चौदा. देवळात आल्यावर ते मागच्या तीन बाकांवर बसले. पुढे रिकामे बाक पडले होते, सेक्रेटरींनी हाताने पुढे बोलावलं, पण मैत्रिणीने मानेनेच नको म्हटलं. आधी वाचून होऊ दे, असं तिला म्हणायचं होतं. मोठे पाळकसाहेब मुलासारखे होते, चाळिशीचे. त्यांनी मागे वळून भरलेले बाक पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला. कुलूप लावायला आलेल्या माणसालाही कुलूप लावायची हौस नसते. मी मोजलं. एकवीस भरत होते.

मला पुढे बोलावलं. दोन्ही कागद माझ्या हातात होते, वर जुना मसुदा आणि खाली खरं पान. आईने त्या दिवशी कानातल्या मशीनमध्ये नवा सेल घालून घेतला होता, मान पुढे काढून ती ऐकत होती. साहेबांचं बांधकाम झालं. आजोबांची किल्ली झाली. जमिनीवर बसल्याची गोष्ट आली तेव्हा मागच्या बाकांवरची एक म्हातारी हसली. मग ती जागा आली. मी वर पाहिलं. आई माझ्याकडेच पाहत होती.

"पुढे मतभेदांमुळे काही कुटुंबे वेगळी झाली," मी वाचलं.

आणि थांबले नाही. थांबले असते तर कदाचित वाचलंही असतं. मी घाईने पुढच्या परिच्छेदावर गेले, कौलांच्या दुरुस्तीवर. आईसाठी गप्प बसले असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं, पण ते अर्धंच खरं आहे. पाळकसाहेबांसमोर, नर्सबाईंसमोर मला माझंच नाक कापून घ्यायचं नव्हतं. मी त्या माणसाची मुलगी आहे, आणि त्यांच्यासारखेच ओठ मिटून घेतले.

मागे बाक सरकले. मैत्रीण उठली, एकेकाच्या खांद्याला हात लावत गेली आणि सगळे उठले. तरुण पोरांना काय चाललंय ते कळत नव्हतं, एकजण "काय झालं?" म्हणून हळूच विचारत होता. कुणी दार आपटलं नाही. बाहेर ते आपापल्या चपला शोधत होते तो आवाज आत येत होता, आणि मी कौलं कुठून आणली ते वाचत होते.

प्रभुभोजनाला आम्ही सातजण उठलो. पाळकसाहेबांनी नंतर डायरीत आकडा लिहिला. निघताना माझा हात हातात घेऊन ते म्हणाले, "फार सुंदर लिहिलाय इतिहास, बाई." त्यांनी मनापासून म्हटलं होतं. मला ओरडावंसं वाटलं.

घरी जायला आम्ही रिक्षा केली. पेट्रोलपंपाशी आल्यावर आई म्हणाली, "ते पान का नाही वाचलंस?"

"कोणतं पान?"

"टेबलावर उघडं ठेवून स्वयंपाकघरात जातेस. मला दिसत नाही असं वाटतं तुला?"

मी पिशवीतलं ते पान चाचपलं.

"खरंच लिहिलं होतंस," ती म्हणाली. "त्या खोक्याची ऑर्डर लिहून दिली ना, ती माझ्या अक्षरात. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. रविवारी तू वाचणार म्हणून तर सेल घालायला लावला मशीनमध्ये. वाचलं असतंस तर मी काय मेले असते?"

रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. मला रडू आलं, आणि घर आल्यावर आईने नेहमीसारखं विचारलं, की भाजी कोणती करायची.

त्या दुपारीच मी लाइनीपलीकडे जायला हवं होतं. गेले नाही. लाज वाटत होती, आणि लाजेला निमित्तं पुष्कळ सापडतात. आईला ताप आला, मग माझे गुडघे दुखले. दीड महिन्याने वरच्या ऑफिसचं पत्र आलं आणि सेक्रेटरींनी देवळाला कुलूप लावलं. रजिस्टरं नाशिकला गेली. इतिहासाची प्रतही त्यांनी मागून घेतली, फाइलला हवी होती.

त्यानंतर एका सकाळी भाजीवाल्याकडून कळलं की शेड पाडतायत. मी ते पान घेतलं आणि निघाले. फाटक या वेळी उघडं होतं. पत्रे काढून झाले होते, नुसते खांब उभे होते. मैत्रीण सामान टेम्पोत भरत होती, शिलाई मशीन गोधडीत बांधलेलं. जळगावला मुलाकडे निघाली होती. बाकीची घरं पांगली, कुणी मालेगावला गेलं, कुणी इथेच भाड्याने.

"मी लिहिलं होतं गं," मी म्हणाले. "खरं लिहिलं होतं. माझ्या हातात होतं त्या दिवशी." आणि पान तिच्यापुढे धरलं.

तिने ते घेतलं नाही. चष्मा सामानात गेला, म्हणाली. "वाच."

मी तिथे रस्त्यावर उभी राहून वाचलं. शब्दन् शब्द वाचला. वडिलांचं वाचलं, "ते खोटे होते" हे वाचलं, आम्ही सगळे गप्प राहिलो हेही वाचलं. मध्ये एक ट्रॅक्टर गेला तेव्हा थांबले आणि तो गेल्यावर ती ओळ पुन्हा वाचली. ती पदराचं टोक हातात धरून ऐकत होती, मान खाली घालून, प्रार्थनेत ऐकतात तशी.

माझं संपल्यावर तिने टेम्पोवाल्याला हात करून थांबायला सांगितलं.

"असंच झालं व्हतं," ती म्हणाली. "पन हे मला म्हाईतच हाय की गं. मला कशाला सांगती?"